झारचा वस्तरा हॅलिफॅक्सला पोचवताना

कॅनडाला जाऊन आलेल्या माणसाने धबधब्याविषयी लिहावे, असा एक अलिखित नियम दिसतो. मी धबधबा पाहिला नाही. मुलीने दोनदा विचारले, दोनदा मी नकार दिला, आणि त्याचा मला यत्किंचितही खेद नाही. पाणी वरून खाली पडते ही गोष्ट मी सांगलीत बसून पुराव्याशिवाय मान्य करायला तयार आहे. मी गेलो होतो ते सहा चित्रे एका बाईंच्या हाती देण्यासाठी. जे काम चार दिवसांत व्हायचे त्याला पंधरा दिवस लागले, आणि जास्तीचे अकरा केवळ माझ्या लेखणीमुळे वाया गेले. ज्या वाचकांना तिकडे जायचे आहे त्यांना विमानतळावरचा फॉर्म कसा भरू नये, एवढे तरी या लेखातून निश्चित कळेल.

आधी चित्रांविषयी. दगडी छापाची, वरून हाताने रंगवलेली, युरोपातल्या सम्राटांची आणि त्यांच्या मुत्सद्द्यांची टर उडवणारी अशी ही सहा व्यंगचित्रे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. कोपऱ्यात चित्रकाराची सही आहे, पण ती आजवर कोणालाही वाचता आलेली नाही. एका चित्रात परिषदेचे भले मोठे टेबल आहे. वर सगळे हसतमुखाने शाईत टाक बुडवत आहेत आणि खाली प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बाजूचा टेबलाचा पाय करवतीने कापतो आहे. दुसऱ्यात हे सगळे गोठलेल्या तळ्यावरून रांगेने चालले आहेत, एकमेकांच्या कोटाचे टोक धरून. दुसऱ्या हातात कात्री. तिसऱ्यात बाल्कनमधल्या एका लहानशा राजपुत्राला मुकुट बसवून पाहत आहेत आणि तो मुकुट त्याच्या खांद्यांपर्यंत खाली उतरला आहे.

पण सहांतले मुख्य चित्र न्हाव्याच्या दुकानाचे. खुर्चीत तुर्कस्तानचा सुलतान बसला आहे. रशियाचा झार त्याची दाढी करतो आहे आणि दाढीबरोबर गालाचा थोडा भागही उतरवतो आहे. ऑस्ट्रियाचा बादशहा जमिनीवर पडलेले केस वेचून खिशात भरतो आहे. इंग्रज मंत्री टॉवेल घेऊन, 'फार लागत नाही ना?' अशा चेहऱ्याने वाकला आहे. जर्मनीचा कैसर समोर आरसा धरून उभा आहे.

ही चित्रे सांगलीतल्या दादासाहेब गोगटे वकिलांच्या कचेरीत भिंतीवर होती. एक इंग्रज न्यायाधीश विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात दादासाहेबांनी ती घेतली. मी चोविसाव्या वर्षी त्यांच्याकडे उमेदवारी करू लागलो, तेव्हा पहिला महिनाभर त्यांनी मला कायद्याच्या पुस्तकाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी एका चित्रासमोर उभे करायचे आणि विचारायचे, "सांग, इथे खोटं कोण बोलतंय? आणि ते खोटं आहे हे आणखी कोणाला ठाऊक आहे?" न्हाव्याच्या दुकानासमोर प्रत्येक नवशिक्या झारचे नाव घेई. "झार कशाला खोटं बोलेल? त्याच्या हातात उघडा वस्तरा आहे," असे म्हणून ते त्याला पुन्हा उभे करत. त्या महिनाभरात मी जेवढी उलटतपासणी शिकलो तेवढी पुढे एक्केचाळीस वर्षांच्या वकिलीत शिकलो नाही.

दादासाहेब एकोणीसशे एक्क्याऐंशीत गेले. कचेरीची जागा माझ्या नावे झाली आणि भिंतीवरची चित्रे भिंतीवरच राहिली. तीन आठवड्यांनी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, हॅलिफॅक्सला स्थायिक झालेल्या डॉक्टर नलिनीताईंचे निळे हवाई पत्र आले. माझ्या वडिलांची चित्रे पाठवून द्या, एवढीच मागणी होती. मी टंकलिखित, रजिस्टर पोस्टाने उत्तर पाठवले. वारस दाखला, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, सादर केल्याखेरीज चित्रांचा ताबा देता येत नाही, असे त्यात लिहिले होते. तिसऱ्या परिच्छेदात 'आपला कथित हक्क' असे शब्द होते. त्यांचे पुन्हा पत्र आले नाही.

पंच्याहत्तरी उलटल्यावर मी माझे मृत्युपत्र लिहायला घेतले. घर, शेत, पुस्तके असे क्रमाने लिहीत गेलो. 'कचेरीतील सहा व्यंगचित्रे, माझ्या मालकीची' एवढे लिहायचे होते. चार दिवस बसूनही ते वाक्य माझ्याकडून पुरे झाले नाही. पाचव्या दिवशी मी मुलीला कळवले की येत्या जूनमध्ये, म्हणजे दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात, मी तिच्याकडे येतो.

टोरांटो विमानतळ

विमानात जो फॉर्म देतात त्यावर आणलेल्या वस्तूंचे वर्णन लिहायला बोटभर जागा असते. एवढ्या जागेत खरे लिहिता येत नाही. म्हणून मी एक पुरवणी कागद जोडला. त्यात नमूद केले: सहा राजकीय व्यंगचित्रे, परकीय सम्राटांची अप्रतिष्ठा करणारी, धारकाच्या मालकीची नाहीत, विक्रीसाठी नाहीत, भेट म्हणून नाहीत, केवळ विश्वस्त या नात्याने ताब्यात. खाली सही, तारीख आणि स्थळ, 'अटलांटिक महासागरावर'.

काउंटरवरची अधिकारी साधारण माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने तो कागद दोनदा वाचला.

"सर, ही चित्रं तुमची आहेत?"

"नाहीत."

"मग कोणाची?"

"हॅलिफॅक्सच्या एका बाईंची."

"तुम्ही आणताय हे त्यांना माहीत आहे?"

"नाही."

"त्यांचं काही पत्र, काही कागद?"

"एक पत्र होते. छत्तीस वर्षांपूर्वीचे. ते सांगलीला आहे."

तिने पेन खाली ठेवले. "सॉरी सर, पण घरचं सामान म्हणाला असतात तर एव्हाना तुम्ही बाहेर असतात."

"ते असत्य कथन झाले असते."

"हो," ती म्हणाली, "झालं असतं. सॉरी." या देशात दार उघडताना, दार लावताना आणि तुमचे सामान अडवून ठेवतानाही सॉरी म्हणतात. रागावलेल्या माणसाची त्यामुळे फार कुचंबणा होते. मी कायद्याची चार कलमे तोंडपाठ करून गेलो होतो, आणि समोर भांडायलाच कोणी नव्हते. चित्रे त्यांनी ठेवून घेतली, आणि पत्र कुठे पाठवायचे तो पत्ता मला लिहून दिला.

एटोबिको

माझी मुलगी मेधा आणि तिची बारा वर्षांची मुलगी ईशा एटोबिकोत, टोरांटोच्या विमानतळाला लागून, राहतात. विमाने इतकी खालून जातात की चहाचा कप बशीत थरथरतो. माझी व्यवस्था घराच्या खालच्या भागात केली होती. मी जिन्यावरच थांबलो.

"मेधा, बापाला तळघरात ठेवतेस?"

"बाबा, तळघर काय म्हणता! फिनिश्ड बेसमेंट आहे. वॉशरूम आहे, हीटिंग आहे. लोक भाडं भरून राहतात."

"लोक तुरुंगातही राहतात."

"मग अपील करा," असे म्हणून तिने माझी बॅग खाली नेली. वकिलाची मुलगी आहे.

पुढचे अकरा दिवस मी त्या तळघरात बसून पत्रे लिहिली. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. विमान कंपनीला उपम्याबद्दल लिहिले, दुसऱ्या दिवशी उत्तर आले. बसथांब्यावर बाक नाही म्हणून नगरपालिकेला लिहिले, तिसऱ्या दिवशी उत्तर आले, वर माझे आभारही मानले. मी आमच्या महानगरपालिकेला एका गटाराविषयी नऊ वर्षे पत्रे लिहितो आहे. त्या गटाराला आता माझे अक्षर ओळखू येत असेल, पण उत्तर नाही. इथे शेजारच्या घरावर एक नोटीस लागली होती, की अंगणातले गवत ठरावीक उंचीच्या वर गेले आहे, ते कापावे. गवताच्या उंचीवर कायदा करणारा देश मी जन्मात प्रथमच पाहिला आणि त्या नोटिशीसमोर काही वेळ आदराने उभा राहिलो. शेजारी बाहेर येऊन मला सॉरी म्हणाला.

ईशा मराठी समजते, पण बोलते इंग्रजीत. एका सकाळी पावसाने माझे फिरणे चुकले आणि मी वेधशाळेचा अंदाज कसा बेजबाबदार होता हे तिला सविस्तर सांगत होतो. ती सिरियल खाता खाता म्हणाली, "आजोबा, यू कान्ट स्यू द वेदर." मेधा ओट्याकडे तोंड करून हसली. मी ते लक्षात ठेवले आहे.

आता मूळ कामाकडे येतो. सीमाशुल्काच्या कार्यालयाला मी जे पत्र लिहायला घेतले त्यात सात मुद्दे होते. सहावा मुद्दा असा लिहून झाला: 'वस्तू कोणाची आहे याविषयी कोणताही वाद नसताना, केवळ एका कागदाच्या अभावी ती तिच्या हक्काच्या व्यक्तीपासून अडवून ठेवणे हे अन्याय्य, असमर्थनीय आणि हृदयशून्य आहे.' वाक्य चांगले उतरले होते. मी ते वाचून पाहिले, आणि मग मला उठून जिन्यापाशी जाऊन उभे राहावे लागले. हेच वाक्य छत्तीस वर्षांपूर्वी हॅलिफॅक्सहून सांगलीला यायला हवे होते. मला ते कोणी लिहिले नाही, कारण ते लिहायचे ज्यांनी, त्यांचे वडील नुकतेच गेले होते.

सहावा मुद्दा काढून टाकून मी पत्र पाठवले. उत्तर अत्यंत सभ्य आले. चित्रे ज्यांची आहेत त्यांनी तसे चार ओळींत लिहून द्यावे, चित्रे लगेच मिळतील. म्हणजे, ज्या बाईंसमोर चित्रे घेऊन जाऊन उभे राहायचे धाडस मी कसेबसे केले होते, त्यांच्यासमोर आता रिकाम्या हाताने जाऊन आधी काहीतरी मागायचे होते. मी आठवडाभर टाळले. माझी परतीची तारीख जवळ येऊ लागली. शेवटी मेधानेच नंबर मिळवला, फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि पोळ्या लाटू लागली.

"हॅलो."

"नमस्कार. मी सबनीस वकील. सांगलीचा."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो बंद झाला.

"जिवंत आहात?"

"सध्या एटोबिकोत आहे."

"म्हणजे जेमतेमच."

मेधाचे लाटणे थांबले. मी म्हणालो, "आपल्या वडिलांची चित्रे मी आणली आहेत. ती विमानतळावर अडली आहेत. ती आपली आहेत, असे आपले पत्र हवे आहे."

"माझी आहेत, असं पत्र."

"होय."

"मी द्यायचं. तुम्हाला."

"होय."

"सोबत सक्सेशन सर्टिफिकेट जोडू का?"

न्यायालयात मला निरुत्तर करणारे लोक झाले, पण ते थोडे. मी म्हणालो, "नको."

"नको म्हणतायत! ऐकलंस का गं, जी कोण पोळ्या करतेयस ती? छत्तीस वर्षांनी नको म्हणतायत!" आणि फोन बंद झाला.

मेधाने तव्यावरची पोळी उलटली. "बाबा, खरंच मागितलं होतंत?"

"मागितले होते."

"त्यांचे वडील गेल्यावर किती दिवसांनी?"

"तीन आठवड्यांनी."

तिने मला वाढले, समोर बसली, आणि ते जेवण आम्ही दोघांनी न बोलता केले. ईशासुद्धा फोन बाजूला ठेवून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. नलिनीताई पत्र देतील की नाही, हे त्या दुपारी मला ठाऊक नव्हते. दिले नसते तर कायद्याने त्यांच्यावर कसलीच सक्ती नव्हती, हे मात्र पक्के ठाऊक होते.

संध्याकाळी मेधाच्या फोनवर नलिनीताईंची मेल आली. मूळ इंग्रजी तीन ओळींचा आशय असा: 'ही चित्रे माझ्या वडिलांची आहेत. मी त्यांची मुलगी आहे. कृपया ती या गृहस्थांना द्यावीत, म्हणजे ते ती बाळगत हिंडायचे एकदाचे थांबतील.' इतके नेमके निवेदन मला कधी लिहिता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रे मिळाली. कोणीही त्यांचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून मी ती मांडली, तेव्हा ईशा हनुवटी टेकवून बघत राहिली.

"दे आर जस्ट मीम्स, आजोबा."

मी म्हणालो, सम्राटांचा राग पत्करून दगडावर उलटे रेखाटलेले हे काम आहे, गंमत नाही. तिने शांतपणे विचारले की, मीम काढल्याबद्दल लोक हल्लीही तुरुंगात जातात, हे मला माहीत आहे का? मला माहीत होते. मी हरकत मागे घेतली. मग तिला न्हाव्याच्या दुकानापुढे उभी करून दादासाहेबांचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, झार. मला फार बरे वाटले.

हॅलिफॅक्स

हॅलिफॅक्सचा विमानतळ गावापासून फार दूर आहे. मेधाने टॅक्सी करा असे चारदा बजावले होते, म्हणून मी बस केली. रस्त्याच्या दोन्ही कडांना जांभळ्या तुऱ्यांची रानफुले एवढी दाट उभी होती की मधले दगड दिसत नव्हते. बसचालकाने त्यांचे नाव लुपिन असे सांगितले आणि कोणी लावलेली नाहीत, असेही सांगितले. मग धुके आले. आमच्याकडे धुके सकाळी येते आणि नऊ वाजता उठून जाते. इथले दुपारी दोनला समुद्रावरून आले आणि बंदर, नौदलाच्या राखी बोटी, पलीकडचा पूल, सगळे त्याने एकेक करून जमा करून घेतले.

नलिनीताई बंदराच्या पलीकडे, डार्टमाउथला राहतात. फेरीबोटीने या, मी धक्क्यावर उभी राहते, असा त्यांचा निरोप होता. बोटीत धुक्याचे बारीक पाणी आत येत होते. मी रेनकोट काढला, चित्रांच्या पुठ्ठ्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. तीन जणांनी बसायला जागा दिली. मी तिघांनाही नकार दिला. बसलो असतो तर पुठ्ठा मांडीवर आडवा ठेवावा लागला असता. भोंगा वाजत होता. समोरचा किनारा दिसत नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो लवकर दिसू नये असेच मला वाटत होते.

धक्क्यावर पिवळ्या रेनकोटातली एक ठेंगणी बाई काठी टेकून उभी होती. केस आखूड, पांढरे. एकोणऐंशी वर्षांच्या. मी त्यांना शेवटचे पाहिले तेव्हा त्या एम.डी. होऊन परत आल्या होत्या आणि कचेरीत पेढे वाटत होत्या.

"भिजलात," त्या म्हणाल्या.

"चित्रे कोरडी आहेत."

"मी तुमच्याबद्दल बोलतेय."

गाडी त्यांनी स्वतः चालवली, आणि वेगमर्यादेचे जे उल्लंघन केले त्याविषयी मी मौन पाळले. घरी गेल्यावर मला टॉवेल दिला, नवऱ्याचा एक जुना स्वेटर दिला. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा कॅल्गरीला तेलाच्या कंपनीत आहे. "पाइपलाइन सोडून दुसरं बोलत नाही. फोन केला की मी आधीच सांगते, पाइपलाइन नको, नातवंडं सांग." ओट्यावर आमटी उकळत होती. आमसूल संपले की त्या अंगणातला रुबार्ब घालतात. लाल देठाची, आळूसारख्या पानांची ही भाजी इथले लोक साखर घालून खातात. आमटीत तिचा आंबटपणा असा उतरतो, की ती वाढून मी सांगलीत कोणालाही फसवू शकलो असतो. भूक लागली होती. पण त्या म्हणाल्या, "आधी चित्रं."

मी पुठ्ठा उघडला. सोबत टंकलिखित ताबा-लेख होता, दोन प्रतींत, चित्रांचे क्रमवार वर्णन करून, खाली दोघांच्या सह्यांसाठी जागा सोडून. तो मी बाजूला ठेवला आणि चित्रे एकेक मांडत गेलो. त्या चष्मा काढून, कागदाला नाक लागेल इतक्या जवळून बघत होत्या. टेबलाचे पाय कापणारे मुत्सद्दी पाहून खुदकन हसल्या. तळ्यावरच्या रांगेला, "हे आमचं हॉस्पिटल बोर्ड," म्हणाल्या. न्हाव्याच्या दुकानापाशी मात्र बराच वेळ थांबल्या.

"तुम्हाला विचारलं होतं ना बाबांनी? काय सांगितलंत?"

"आधी झार. मग इंग्रज मंत्री. मग कैसर. तीन आठवडे लागले. शेवटी त्यांनीच दाखवले." मी बोट ठेवले. "आरसा. सुलतानाची अर्धी दाढी उतरली आहे, पण आरशात ती पुरी आहे. खोटे आरसा बोलतो, आणि ते खोटे आहे हे फक्त चित्रकाराला ठाऊक आहे. मी माझ्या सगळ्या उमेदवारांना हे शिकवले. दादासाहेब म्हणायचे, हे पहिल्याच दिवशी ओळखणारा त्यांना आयुष्यात एकच उमेदवार मिळाला."

"नऊ वर्षांचा," नलिनीताई म्हणाल्या.

"वय त्यांनी कधी सांगितले नाही."

"नऊ वर्षांची. परकर-पोलक्यात. सुट्टीत दुपारी कचेरीत जाऊन बसायची मी. त्या दिवशी बाबा इतके हसले की कारकून धावत आला. मला वाटलं, आता मला वकील करतात. डॉक्टर केलं. म्हणाले, कोर्टात बायकांचं कोणी ऐकत नाही." त्यांनी चष्मा चढवला. "म्हणून मागितली होती चित्रं. भिंतीवर लावायला नव्हे. ही एवढीच जागा होती जिथं माझं ऐकलं गेलं होतं."

मी उभा होतो. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

"आता मी विचारते. एकोणीसशे एक्क्याऐंशी. एक बाई पत्र लिहिते. एक वकील उत्तर देतो. खोटं कोण बोलतंय?"

एक्केचाळीस वर्षे मी साक्षीदारांना या जागी उभे केले आहे. त्यांना पाणी प्यावेसे का वाटते ते मला कळले.

"वकील," मी म्हणालो.

"काय खोटं?"

"वारस दाखला मयताच्या वसूल व्हायच्या येण्यांसाठी आणि रोख्यांसाठी लागतो. भिंतीवरच्या चित्रांना तो लागत नाही. कधीच लागत नव्हता."

"ते खोटं आहे हे कोणाला ठाऊक होतं?"

"मला. लिहिताना ठाऊक होते. आपल्याला ठाऊक नसणार, हेही ठाऊक होते. कायदा आडवा येत नव्हता, नलूताई. मला चित्रे द्यायची नव्हती. दादासाहेबांचा सर्वांत लाडका उमेदवार मी आहे असे मला वाटत होते, आणि ती भिंत रिकामी झाली असती तर तसे म्हणायला माझ्याकडे काही उरले नसते."

बाहेर भोंगा वाजला.

"एवढंच?"

"मी चूक केली. मला क्षमा करा." आयुष्यात माफीचे अर्ज मी शेकड्यांनी लिहून दिले आहेत. 'अनवधानाने', 'गैरसमजातून', 'दिलगिरी व्यक्त करतो' असे शब्द त्यांत भरपूर असतात. यात घालायला त्यांतला एकही सापडला नाही.

"करेन," त्या म्हणाल्या. "आज नाही. आज मी छत्तीस वर्षांची रागावलेली आहे, ती जरा मजेत रागावू दे. उद्या सकाळी तुम्ही खिळे मारायला घ्या, मग बघू." आणि ताटे घ्यायला वळल्या.

मी ताबा-लेख पुढे केला. खिशातून पेन काढले.

"हे काय?"

"चित्रे मिळाल्याचा लेख. आपली सही इथे."

"बाबांच्या वस्तू माझ्या घरी आल्या. त्याची सही मी कोणाला द्यायची?"

"नियमाप्रमाणे—"

"सबनीस," त्या वळून म्हणाल्या, "कागदाची पिशवी त्या दाराशी आहे. दुसऱ्या पिशवीत टाकू नका, इथे कचऱ्याचे लोक घेत नाहीत."

दाराशी खरोखरच तीन पिशव्या होत्या, आणि प्रत्येकीवर काय टाकावे ते लिहिले होते. मी नीट वाचले. दोन्ही प्रती, मूळ आणि नक्कल, सह्यांच्या रिकाम्या जागांसकट कागदाच्या पिशवीत टाकल्या, हात धुतले आणि रुबार्बची आमटी थंड व्हायच्या आत पाटावर बसावे तसा त्या टेबलाशी जाऊन बसलो.